सरकारी पाय

माणसाच्या पायाची किंमत ठरवायला तीन माणसं एका टेबलामागं बसतात, हे मला धोंडिबा हवालदारांमुळं कळलं. तोवर माझी समजूत अशी, की लढाईत जखमी झालेल्या माणसाला सरकार पेन्शन देतं आणि एकदा दिली की ती मरेपर्यंत चालते. तसं नसतं. दर काही वर्षांनी त्या माणसाला बोलावणं येतं. त्याला चालवतात, वाकवतात, गुडघा दाबून बघतात आणि लढाईतली इजा अजून किती शिल्लक आहे ते ठरवतात. इजा कमी झाली असेल तर पैसे कमी, आणि त्यांच्या मते ती संपली असेल तर पैसेही संपले. हवालदार याला नुसतं 'बोर्ड' म्हणत. 'औंदा बोर्ड हाय,' असं ते म्हणाले की शेजारी बसलेला एखादा जुना शिपाईगडी जमिनीकडं बघायचा.

पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. पिंपरीला आमचा कारखाना नुकताच उभा राहिला होता. भोवती ज्वारीची रानं, एका अंगाला निर्वासितांची छावणी, आणि मध्ये ही नव्या चुन्याच्या वासाची लांबलचक इमारत. मी नगर जिल्ह्यातून आलेला, टाइम ऑफिसात टाइमकीपर. हवालदार फाटकावरचे जमादार. त्यांनी माणूस आत सोडायचा आणि मी त्याची वेळ मांडायची, त्यामुळं दिवसभर आमची गाठ. मी जात्याच कुरकुऱ्या. कँटीनचा चहा, खोलीतले ढेकूण, साहेबाचं इंग्रजी, मला काहीच धड वाटत नसे. हवालदारांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि मला 'शिकायतसाहेब' असं नाव ठेवलं. साऱ्या फाटकावर तेच रूढ झालं.

ते दिघीचे. अंगानं शेलाटे, मिशा कातरलेल्या, डोळे बारीक. खाकी सदऱ्याच्या बाह्यांची घडी अशी पक्की, की दुपारच्या घामातसुद्धा मोडत नसे. कारखान्यात येऊनही त्यांची पलटण सुटली नव्हती. कँटीनला ते लंगर म्हणत, पाळी बदलली की 'गार्ड बदली झाली' म्हणत, आणि रजेचा अर्ज घेऊन आलेल्या कामगाराला आधी सदऱ्याची बटणं लावायला सांगत. दिघीच्या बाजूला लष्कराची जमीन होती. तिकडून मधूनच धडाड असा आवाज यायचा. तो आला की हवालदार बोलता बोलता थांबत, आवाज पुरता विरेपर्यंत वाट बघत, आणि ज्या शब्दावर थांबले होते त्याच्या पुढच्या शब्दापासून बोलू लागत. आम्ही हसायचो. ते हसत नसत.

त्यांचा डावा पाय आखूड होता. महायुद्धात बर्मात तोफगोळ्याचे तुकडे मांडीत आणि गुडघ्यात शिरले होते. बरेचसे काढले, एक आत राहिला. त्या पायाला ते 'सरकारी पाय' म्हणत. फाटकावर गर्दीत कुणाचा धक्का लागला तर म्हणत, "जरा जपून राव, सरकारी हाय." त्याला ते रोज तेल लावत, थंडीत लोकरीची पट्टी गुंडाळत, आणि बसताना आधी त्याची सोय लावून मग स्वतः बसत. एकदा मी सहज विचारलं, की सरकारी म्हणजे काय? ते म्हणाले, "मोल दिलंय ना सरकारनं? मोल दिल्यावर वस्तू त्येची. आमी नुसतं सांभाळायचं." यात थट्टा किती आणि खरं किती, हे त्यांच्या तोंडाकडं बघून कधी कळलं नाही.

मी भोसरीत खोली घेऊन राहत होतो आणि माझ्याकडं सायकल होती. हवालदार दिघीहून भोसरीपर्यंत काठी टेकत चालत येत आणि पुढं पिंपरीपर्यंतही चालतच जात. मी मागं बसायला सांगितलं तर त्यांनी साफ नकार दिला. शिपाई माणसानं कुणाच्या मागं सामानासारखं बसायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढं एका पावसाळ्यात चिखलात त्यांची काठी रुतली, ते आडवे झाले, आणि त्यानंतर माझ्या कॅरिअरवर बसू लागले. बसले तरी हुकूम त्यांचाच. सरकारी पाय लांब काढलेला, हातात काठी, आणि मागून चालू: "खड्डा हाय, डावीकडनं काढा. बैलगाडी येतीया, दम धरा. शिकायतसाहेब, पैडल मारा, झोपला का काय?" भोसरीचे लोक आमची ही वरात बघायला दुकानाच्या पायऱ्यांवर येत.

त्या सायकलवर मी त्यांच्याकडून लढाईच्या गोष्टी काढायचा फार प्रयत्न केला. काही हाती लागलं नाही. बर्मात काय करत होता, तर म्हणे चिखल तुडवत होतो. शत्रू दिसायचा का, तर म्हणे जळवा दिसायच्या. एकाच गोष्टीवर ते आपण होऊन बोलत, आणि ती म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ मारुती.

दोघं भाऊ एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत गेले. लढाईच्या मुलखात पाऊल टाकलं की शिपायाला पगारावर जादा भत्ता मिळायचा. मारुतीला या भत्त्याचं भारी कौतुक. पहिल्यांदा तो हातात पडला तेव्हा तो भावाला म्हणाला होता, "दादा, ह्यो जिवाचा भाव हाय. रोजच्या रोज चुकता." आणि पोट धरून हसला होता. हवालदार सांगायचे, "मी म्हनालो, गप, ऊस तोडाया सुदीक एवढ्यात कोन येत न्हाई. तर म्हनतो, ऊस तोडताना तुळसीला चांदीचं जोडवं घेता येत न्हाई दादा." तुळसी म्हणजे तुळसा, मारुतीची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

मारुतीला गोळी लागली नाही. त्याला हगवण लागली. ओढ्याचं पाणी सगळेच पीत होते, लागलं ते त्याला. सकाळच्या हजेरीला साहेब विचारायचा, कुणाला काही तकलीफ? मारुती गप्प राहायचा. त्याचं कारण हवालदारांनी मला एकदा समजावून सांगितलं. डोंगरातली चाल, माणसं आधीच कमी. एकानं तकलीफ आहे म्हटलं की त्याचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर जातं. मारुतीचं ओझं कुणाच्या पाठीवर गेलं असतं? जवळचा म्हणून थोरल्या भावाच्याच. म्हणून तो ठीक आहे म्हणत राहिला आणि चालत राहिला. शेवटी वाटेतच पडला. झोळीत घालून मागं नेला, तिथं दवाखान्याच्या तंबूत वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हवालदारांच्या पायात तुकडे शिरले.

हवालदारांना पेन्शन लागली. तुळसाला लागली नाही. तिच्या वतीनं अर्ज गेला तेव्हा उत्तर आलं, की शिपाई लढाईत मेलेला नाही, आजारानं मेला, आणि तो आजार नोकरीमुळं झाला असं दिसत नाही, कारण त्यानं आजारी असल्याचं कधी सांगितलेलंच नाही. हे उत्तर हवालदारांना तोंडपाठ होतं. सायकलवर मागं बसून ते एकदा म्हणाले, "गोळी काय आन् पानी काय, दोनी तिथलंच. दिगीत ऱ्हायला आसता तर त्यो पानी पेला आसता का त्या वड्याचं?"

तेव्हापासून तुळसा हवालदारांच्याच घरी होती. हवालदार, त्यांची बायको पारूबाई, आणि तुळसा. मूलबाळ कुणालाच नाही. मी सणासुदीला जेवायला जायचो तेव्हा तुळसा दिसायची. पस्तिशीच्या आतली बाई, पण चालण्यात जून म्हातारीचा संथपणा आलेला. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि बोलायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. काही हवं असलं तर ती पारूबाईंच्या कानात सांगे आणि पारूबाई ते मोठ्यानं सांगत. हवालदारही तिच्याशी थेट बोलत नसत. पण पेन्शन आली की ती पारूबाईंच्या हातात न देता देवळीत ठेवत आणि भिंतीकडं बघून म्हणत, "मारुतीच्या घरात द्या." मग तुळसा येऊन ते पैसे उचलायची. पारूबाईंना याचा राग होता. त्या मला म्हणायच्या, "माजं समदं पगारावर, आन् सरकारचं समदं तिचं. पाय ह्यांचा फुटला का तिचा?" असं म्हणून त्याच तुळसाच्या ताटात जास्तीचं तूप वाढायच्या.

तर सगळं त्या पायावर चाललेलं होतं, आणि पाय बोर्डावर.

हवालदारांचा आणखी एक उद्योग होता. चऱ्होली, मोशी, पार चाकणपासूनचे जखमी शिपाईगडी रविवारी त्यांच्याकडं सल्ल्याला येत. एकदा चाकणचा गणपत म्हणून एकजण आला. त्याचा खांदा निकामी होता आणि बोर्ड आठवड्यावर आलं होतं. हवालदारांनी त्याला फाटकाच्या आतल्या मोकळ्या जागेत उभं केलं. मी रविवारची जादा पाळी करत होतो, खिडकीतून सगळं दिसत होतं.

"दाडी करायची न्हाई. नवा सदरा घालायचा न्हाई. आत गेल्यावर कसं उभं ऱ्हायचं, दाव."

गणपत टाच जुळवून, छाती काढून उभा राहिला.

"आरं मर्दा, परेडला आलाईस का? खांदा पाड. आनखी पाड. साहेब म्हनला, कैसा है, तर काय म्हनशील?"

"ठीक है साब."

"झालं. घरी जा आन् बायकूला सांग, पेन्शन गेली. पयलं कन्हायचं. मग म्हनायचं, रातीची झोप लागत न्हाई, सदरा बायकू घालती. खरं हाय का खोटं?"

"खरंच हाय की हवालदार. बायकूच घालती."

"मग बोलाया लाज कसली? पुन्ना भाईरून ये."

गणपतला त्यांनी फाटकाबाहेरून पुन्हा पुन्हा आत यायला लावलं. नीट चाललं की हवालदार ओरडत, चुकीचं चाललं की शाबासकी देत. अशी उलटी कवायत मी जन्मात बघितली नव्हती. हसून हसून माझ्या टाकाची शाई कागदावर पसरली. गणपतची पेन्शन राहिली. तो पेढे घेऊन आला तेव्हा हवालदार म्हणाले, "ह्ये खोटं न्हवं शिकायतसाहेब. ह्येला खरं बोलाया शिकवावं लागतंय, एवढंच."

कारखान्यात मात्र त्यांना याच्या नेमकं उलटं वागावं लागे. कंपनीचा डॉक्टर वर्षातून एकदा फाटकावरची माणसं तपासायचा. धडधाकट नसेल त्याला कमी करायचे. त्या दिवशी हवालदार काठी माझ्या टेबलाखाली ठेवून जात आणि परत येईपर्यंत ओठ पांढरे पडलेले असत. "एका पायाला दोन साहेब," ते म्हणत. "एकापुढं लंगडा, एकापुढं चांगला. पायालाच कळंना झालंय आपून कसं हावोत."

त्यांचं बोर्ड आलं ते हिवाळ्यात. सोबतीला मी रजा काढून गेलो. लष्करी छावणीतला दवाखाना, लांब व्हरांडा, बाकांवर बसलेली माणसं. कुणाला हात नाही, कुणाचा डोळा झाकलेला, कुणी नुसताच खोकतोय. दाढ्या वाढलेल्या, सदरे मळके. आणि त्यांच्यात हवालदार: गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा खाकी पोशाख, छातीवर बिल्ले, बूट असे चकाकणारे की त्यात छत दिसत होतं. मी वाटेतच त्यांना म्हटलं होतं, की हवालदार, गणपतला काय शिकवलंत? ते म्हणाले, "बोलताना बोलीन की. कापडाचं काय? साहेबापुढं घान जायाचं?" मला ते पटलं नाही, पण आवडलं.

त्यांचं नाव पुकारलं. दारापाशी उभ्या असलेल्या पोरसवदा शिपायानं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हळूच सांगितलं, "बाबा, काठी घेऊन जा आत. टेकत जा." हवालदारांनी मान हलवली. दोन पावलं काठी टेकत गेले. मग दारातून त्यांना टेबलामागं बसलेले तीन साहेब दिसले. मधला पिकल्या मिशांचा, खांद्यावर पितळ. हवालदार थांबले, मागं वळले, आणि काठी माझ्या हातात दिली.

पुढचं मी अर्ध्या उघड्या दारातून पाहिलं. ते आत गेले ते चालत नाही, कवायतीच्या पावलानं गेले. टेबलापुढं गेल्यावर डावा पाय, तोच पाय, उचलून जमिनीवर असा आपटला की व्हरांड्यातल्या खोकणाऱ्या माणसाचा खोकला थांबला. सलाम ठोकला.

"कैसा है, हवालदार?"

"ठीक है, साब."

"कोई तकलीफ?"

"नहीं, साब."

मधल्या साहेबांनी मान वर केली. त्यांना बरं वाटलं, हे मला लांबूनही दिसलं. त्यांनी पलटणीचं नाव विचारलं, त्या पलटणीचे कुणी जुने अफसर आपल्या ओळखीचे असल्याचं सांगितलं. गुडघा बघितला, चालून दाखवायला सांगितलं. हवालदार भिंतीपर्यंत गेले, वळले, आले. साहेब म्हणाले, "शाबास. ऐसा जवान चाहिए." हवालदारांनी पुन्हा पाय आपटला.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. लग्न ठरलेल्या पोरासारखे लाजत ते म्हणाले, "जुन्या वळखीचं निगालं साहेब." परतीच्या वाटेवर त्यांनी मला हट्टानं भजी खाऊ घातली आणि त्या साहेबाचं कितीतरी कौतुक केलं. भोसरी आली तेव्हा कुठं ते गप्प झाले. कॅरिअरवरून उतरताना त्यांना माझा खांदा धरावा लागला. म्हणाले, "कन्हायचं ऱ्हाऊनच गेलं की." एवढंच बोलून ते दिघीच्या वाटेनं निघाले.

उत्तर यायला महिना लागला. पाय पुष्कळ सुधारला आहे, आता त्यापोटी काही देय नाही, असं त्यात होतं. वाचून दाखवायला मीच गेलो होतो. हवालदार ऐकत होते, पारूबाई चुलीपुढं होत्या, तुळसा दाराआड. वाचून झाल्यावर मग दाराआडून तुळसा बोलली. दिरासमोर तिचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, त्यांनीही बहुधा नसेल.

"त्ये आजारानं गेलं म्हून दिलं न्हाई. भावजी आजारी न्हाईत म्हून काडलं. मंग ह्येंनी द्यावं म्हून मरायचं तरी कसं?"

पारूबाईंनी तिला गप्प केलं नाही. हवालदार भिंतीकडं तोंड करून बसले.

अपिलाची सोय होती. मी मसुदा लिहून नेला: त्या दिवशी पाय दुखत असूनही मी सवयीनं ठीक आहे म्हणालो. हवालदारांनी तो ऐकला आणि नको म्हणाले.

"म्हंजे साहेबाला खोटं बोललो आसं लिवायचं?"

"खोटं नाही हवालदार. सवय."

"आमाला तकलीफ हाय म्हनायची सवय लागली आसती, तर मारुतीचं वझं मीच न्हेलं आसतं. त्यो जगला आसता." मग म्हणाले, "तुळसीचं नाव घालता येईल का अर्जात?"

ते घालता येत नव्हतं. अर्ज पायाचा होता, तिचा नव्हता. मी तसं सांगितलं. तरी तिच्यासाठी म्हणून त्यांनी सही केली. त्यानंतर मात्र तो मनुष्य खचला. फाटकावर गणपतसारखे लोक आले तर 'माझ्याकडं नका येऊ' म्हणून परत पाठवू लागला. देवळीत पेन्शन नसे, म्हणून पगारातूनच थोडे पैसे ठेवत, आणि पगार वाढावा म्हणून दुसरी पाळीही करू लागले. दोन दोन पाळ्या त्या पायावर उभं राहायचं. मी अडवलं तर म्हणाले, "सरकार म्हनतंय पाय चांगला हाय. सरकारपरीस तुमाला जास्ती कळतं का?" त्यांच्या बोलण्यातली ती चेष्टा मला पूर्वी आवडायची. आता ऐकवत नव्हती.

उन्हाळ्यात जुनी जखम फुटली. आतला राहिलेला तुकडा बाहेर यायची वाट शोधत होता म्हणे. सायकलवर मागून वास येऊ लागला. पारूबाई हळद बांधत होत्या. मी म्हटलं, कंपनीच्या डॉक्टरला दाखवू. ते एकदम घाबरून म्हणाले, "पाया पडतो, त्येला कळवू नका. कमी करतील. मग तुळसीला काय देऊ?" दाखवायला बाहेर दुसरा डॉक्टर होता, पण त्यासाठी पाळी बुडवावी लागली असती. पाय लष्कराकडं चांगला ठरलेला, कंपनीकडं चांगला ठेवायचा. दुखायला त्याला जागाच नव्हती कुठं.

एका सकाळी फाटकापाशी मी सायकल थांबवली आणि ते उतरलेच नाहीत. अंग तापानं फणफणत होतं, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. कंपनीच्या डॉक्टरनं विजार कापली आणि तो दोन पावलं मागं सरला. जीप काढून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं दुसऱ्या दिवशी पाय मांडीतून काढला.

अपिलाचं बोलावणं त्यानंतर आलं. या वेळी त्यांना आतसुद्धा नेलं नाही. कारकुनानं दवाखान्याचे कागद आत नेले आणि बाहेर आणून दिले. पेन्शन पूर्वीपेक्षा वाढवून मिळाली होती आणि त्यापुढं लिहिलं होतं, कायम. पुन्हा तपासणीची गरज नाही. लढाईतल्या धोक्याचा जो काही मोबदला असतो, तो हवालदारांना लढाईनंतर एवढ्या वर्षांनी असा पुरता मिळाला.

कारखान्याची नोकरी अर्थातच गेली. माझीही थोड्याच दिवसांत मुंबईच्या कचेरीत बदली झाली. जाण्याआधी मी दिघीला त्यांना भेटायला गेलो. ते बाहेर खाटेवर बसले होते. दाढी दोन दिवसांची. मांडीवर घोंगडी होती आणि तिची एक बाजू सपाट पडली होती. मला बघून त्यांनी घोंगडी नीट केली.

"आता बोर्ड न्हाई," ते म्हणाले. "कायमचं झालं."

"चांगलं झालं," मी म्हणालो. माझ्या तोंडून आयुष्यात निघालेलं सर्वांत मूर्ख वाक्य ते असावं.

तुळसा चहा घेऊन आली. आमच्यामध्ये कप ठेवून ती जायला वळली, तेवढ्यात हवालदार बोलू लागले. माझ्याशीच बोलत होते, पण तिला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

"बर्मात, तंबूत, गोरा डाक्टर व्हता. त्यो तवाच म्हनत व्हता, पाय काडून टाकू. मी हात जोडलं. त्येच्या पायावर डोसकं ठिवलं. म्हनालो, साहेब, मारुती गेला, आता दोन पायानं घरी जाऊ द्या. त्येला दया आली. ठिवला पाय." त्यांनी चहाचा कप उचलला, पण प्याले नाहीत. "तवाच जाऊ दिला आसता तर ह्ये कायमचं तवाच झालं आसतं. हिला एवढी वर्सं माज्या पायाकडं बघून दिवस काडाय लागलं नसतं. मी कशाला हात जोडलं, राव?"

त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. एखादं काम आपल्या हातून चुकलं आणि ते आता ध्यानात आलं, अशा सुरात ते विचारत होते. तुळसा आत गेली नव्हती. ती खाटेपाशी खाली बसली, दिराच्या समोर, आणि पदर डोक्यावरून घसरला तरी तिनं तो सावरला नाही. हवालदारांनी मान दुसरीकडं वळवली. मी उठलो तरी त्या दोघांपैकी कुणाचंच माझ्याकडं लक्ष नव्हतं.